रूम नंबर १०८: इंटरनेटच्या फोनवरून ११२ नीट लागावा म्हणून

अंबाबाईच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर एक यात्री निवास आहे. नवरात्रात पहाटे तिथे २०४ मधल्या एका आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. सुनेने खोलीतला फोन उचलून १०८ दाबला. रिंग गेली, फोन उचललाही गेला, आणि पलीकडून झोपाळलेला आवाज आला, "कोण पाहिजे?" तो पहिल्या मजल्यावरच्या १०८ नंबरच्या खोलीतला पाहुणा होता.

मुलाच्या मोबाईलवरून ॲम्ब्युलन्स आली, आजोबा वाचले. दुसऱ्या दिवशी मालकांनी मला बोलावलं. तिथली आयपी-पीबीएक्स, म्हणजे इमारतीतले फोन इंटरनेटवर जोडणारी यंत्रणा मीच बसवली होती आणि खोल्यांचे नंबर एक्स्टेंशनला मीच दिले होते. मालकांची तक्रार वेगळीच होती: "अहो, इतकी वर्षं हेच नंबर आहेत, गिऱ्हाईक रूम नंबर दाबतंय की!" ते बरोबरच बोलत होते. जुन्या ईपीएबीएक्सवरही, म्हणजे तारांच्या आतल्या एक्स्चेंजवरही, तो फोन १०८ नंबरच्या खोलीतच गेला असता. पण यंत्रणा नवी करताना हा घोळ निस्तरायची संधी होती आणि ती मी घालवली.

त्यानंतर कोल्हापुरात मी जिथे जिथे इंटरनेटवरची फोन यंत्रणा बसवतो तिथे पुढची सगळी कामं करूनच बिल देतो. लॉज, हॉस्पिटल, शिरोलीतली फौंड्री, वसतिगृह, कुठेही हे लागू आहे. तुम्ही स्वतः यंत्रणा सांभाळत असाल तर एका दिवसात होईल. दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर काय मागायचं ते तरी कळेल.

आधी अडचण कुठे आहे ते

जुन्या लँडलाइनची तांब्याची जोडतार हाच पत्ता होता. एक्स्चेंजला माहीत असायचं की अमुक जोडी मंगळवार पेठेतल्या अमुक घरात जाते. तार हलत नव्हती, त्यामुळे पत्ताही हलत नव्हता. शिवाय एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टची वीज तारेतून यायची. गावात अंधार झाला तरी फोन चालायचा.

इंटरनेटच्या फोनचं तसं नाही. फोन सर्व्हरवर नोंदणी करतो आणि ती नोंदणी राजारामपुरीतून झाली काय, गडहिंग्लजहून झाली काय, सर्व्हरला फरक पडत नाही. रोजच्या वापरात हीच सोय आहे. आणीबाणीत मात्र पलीकडे फक्त आवाज आणि एक नंबर पोचतो, आणि त्या नंबरचा पत्ता तुम्ही प्रत्यक्षात जिथे आहात तिथला असेलच असं नाही.

यावर जगभरात बराच विचार झाला आहे. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत एक्रिट नावाचा गट खास याच कामासाठी नेमला गेला. त्यातून आलेली दोन कागदपत्रं मुख्य आहेत (या संस्थेच्या क्रमांक दिलेल्या कागदपत्रांना आरएफसी म्हणतात). २०११ चं आरएफसी ६४४३ सगळा आराखडा मांडतं आणि २०१३ चं आरएफसी ६८८१ फोनने, सर्व्हरने आणि सेवा देणाऱ्याने नेमकं काय करायचं ते कलमवार सांगतं. मी त्याची छापील प्रत ठेवली आहे. पुढच्या पायऱ्यांमध्ये तिचा बराच आधार आहे.

त्या आराखड्यात कॉलला चार गोष्टी जमल्या पाहिजेत. हा आणीबाणीचा कॉल आहे हे ओळखणं, माणूस कुठे आहे ते सोबत नेणं, त्या जागेसाठीच्या योग्य केंद्राकडे जाणं, आणि कॉल तुटला तर केंद्राला उलट फोन करता येणं. ओळख पटवण्यासाठी आरएफसी ५०३१ मध्ये 'एसओएस' ही एक सार्वत्रिक खूण ठरवली आहे. तुम्ही ११२ दाबा, अमेरिकेतला ९११ दाबा, नेटवर्कच्या आत त्याचं रूपांतर त्याच खुणेत व्हावं, पोलीस, आग आणि ॲम्ब्युलन्स या तिच्या पोटखुणा. जागेवरून योग्य केंद्र शोधायचं काम आरएफसी ५२२२ मधला प्रोटोकॉल करतो. वाट दाखवणाऱ्या या प्रोटोकॉलचं नाव 'लॉस्ट' आहे, हा विनोद त्यांनी मुद्दाम केला असावा.

आता आपल्याकडचं. दूरसंचार नियामक ट्रायने २०१७ च्या ऑक्टोबरमधल्या शिफारशींत म्हटलं की इंटरनेट टेलिफोनी देणाऱ्या कंपन्यांनी आणीबाणीचे कॉल स्थानासह पोचवण्याची सोय करावी, पण सध्या तशी सक्ती नको. ग्राहकाला मात्र मर्यादा स्पष्ट शब्दांत सांगितल्या पाहिजेत. मग २०१८ च्या जूनमध्ये दूरसंचार विभागाने परवान्यांत बदल करून या सेवेला वाट मोकळी केली. त्या मर्यादा करारात बारीक अक्षरात असतात आणि सही करताना त्या कुणी वाचत नाही. थोडक्यात, वरच्या चारही गोष्टी आपोआप होतील असं धरून चालू नका. जितकं आपल्या रॅकमधून, म्हणजे उपकरणांच्या कपाटातून करता येतं तितकं आपणच करायचं.

पायरी १: बाहेर जाणारी वाट शोधा

कागदावर लिहा: कॉल बाहेर कुठून जातो? कोल्हापूरच्या ०२३१ नंबरच्या सिप ट्रंकवरून (ऑपरेटरने इंटरनेटवरून दिलेली बाहेरची लाइन), पीआरआयवरून (तारेवरची अनेक वाहिन्यांची लाइन), की मुंबई-बेंगळुरूच्या नंबरवर चालणाऱ्या क्लाउड सेवेवरून?

हा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे. ११२ ची व्यवस्था राज्यवार आहे. महाराष्ट्राचे कॉल नवी मुंबईच्या केंद्रात घेतले जातात आणि नागपूरला दुसरं केंद्र आहे. तुमची ट्रंक बेंगळुरूची असेल तर ११२ दाबल्यावर कॉल कर्नाटकच्या यंत्रणेकडे जाण्याचा धोका आहे. १०१ तर त्याहून स्थानिक. ट्रंक ज्या शहरातली, अग्निशमन दलही त्या शहराचं. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ सुद्धा जिल्ह्यावर ठरतो, म्हणजे पंचगंगेला पूर आलेला असताना तुम्ही दुसऱ्याच जिल्ह्याच्या कक्षाशी बोलाल.

ऑपरेटरला हे लेखी विचारा, ईमेलवर: या ट्रंकवरून ११२, १०८, १०१ आणि १०७७ जातात का? गेले तर कोणत्या शहराचे म्हणून जातात? या नंबरसाठी तुमच्या नोंदीत पत्ता कोणता आहे? तो बदलायचा असेल तर किती दिवस लागतात? आणि सिप संदेशाला स्थानाची माहिती जोडली तर तुम्ही ती पुढे नेता की काढून टाकता? शेवटच्या प्रश्नावर विक्रीवाला गप्प होईल. त्याला तांत्रिक विभागाकडे पाठवायला सांगा.

उत्तरं समाधानकारक नसतील तर स्वस्त उपाय आहे. आणीबाणीच्या नंबरांसाठी एक वेगळी स्थानिक वाट ठेवायची. एक साधी लँडलाइन आणि ती पीबीएक्सला जोडणारा डबा, म्हणजे एफएक्सओ गेटवे, किंवा एक सिम घालून मोबाईल नेटवर्कवरून कॉल करता येईल असा व्होल्टी गेटवे. सिम संस्थेच्या नावावरच घ्या आणि ती फक्त याच कामाला वापरा. सिमवरून गेलेल्या कॉलला निदान टॉवरचा अंदाज मिळतो, लँडलाइनला नोंदीतला पत्ता. अनेक शाखा खाजगी नेटवर्कने जोडलेल्या असतील तर प्रत्येक गावची वाट वेगळी हवी. इचलकरंजीच्या शाखेतला ११२ कोल्हापूरच्या मुख्य कचेरीच्या लाइनवरून बाहेर पडला तर पत्ता कचेरीचा दिसेल, आणि गाडी वीस-पंचवीस किलोमीटर लांब जाईल.

पायरी २: नंबरांची टक्कर

लॉजमध्ये झालेलं इथलंच. पहिल्या मजल्यावर १०० ते ११२ खोल्या म्हणजे पोलीस, फायर, १०२, १०८ आणि ११२ सगळेच कुणाच्या ना कुणाच्या खोलीत वाजणार. उपाय एकच, एक्स्टेंशन १ ने सुरू होऊच द्यायचे नाहीत. खोलीच्या नंबराआधी ७ लावा. १०८ ची खोली ७१०८ होते, २०४ ची ७२०४. दारावरची पाटी बदलायची गरज नाही. फोनवर 'खोलीसाठी आधी ७ दाबा' असं लिहिलं की पाहुण्यांना जमतं, चार दिवस रिसेप्शनवर विचारतील इतकंच.

चार आकडी एक्स्टेंशनमध्येही हीच टक्कर दुसऱ्या रूपात येते. ११२० ते ११२९ असे एक्स्टेंशन असतील तर ११२ दाबल्यावर यंत्रणा चौथ्या आकड्याची वाट बघत बसते. चार-पाच सेकंदांची ती शांतता घाबरलेल्या माणसाला फोन बंद पडल्यासारखी वाटते आणि तो ठेवून देतो.

मग बाहेरची लाइन घेण्याचा आकडा. आपल्याकडे तो बहुतेक ठिकाणी ० असतो. सवयीने माणूस ०११२ दाबतो. आता ०११ हा दिल्लीचा एसटीडी कोड आहे आणि दिल्लीचे कितीतरी लँडलाइन नंबर पुढे २ ने सुरू होतात. पीबीएक्सला वाटतं हा दिल्लीला फोन लावतोय, आणि ते उरलेल्या आकड्यांसाठी थांबतं. हे मी तीन ठिकाणी पाहिलं. म्हणून डायल प्लॅनमध्ये, म्हणजे कोणते आकडे दाबले की कॉल कुठे जायचा त्या नियमांत, ११२ आणि ०११२ दोन्ही टाका, दोन्हींचा अर्थ एकच. ०११२ वर फार तर तीन सेकंद थांबायचं, पुढे आकडा आला नाही तर ११२ समजायचं.

पण ० न दाबता नुसतं ११२ लागणं हे सगळ्यात महत्त्वाचं. अमेरिकेत २०१३ च्या डिसेंबरमध्ये टेक्सासमधल्या एका मोटेलच्या खोलीत कॅरी हंट या बाईवर जीवघेणा हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून चार वेळा ९११ लावला. तो लागला नाही, कारण आधी बाहेरच्या लाइनचा ९ दाबायचा होता. त्या घटनेनंतर २०१८ मध्ये तिथे कायदा झाला आणि २०२० च्या फेब्रुवारीपासून नव्या यंत्रणांना थेट डायलिंग बंधनकारक झालं. आपल्या लॉजमध्ये नऊ वर्षांचं पोर एकटं नसतं असं नाही.

ॲस्टरिस्क हे पीबीएक्स सॉफ्टवेअर किंवा त्यावर चालणारं फ्रीपीबीएक्स वापरत असाल तर हे सोपं आहे. नेमका लिहिलेला क्रमांक नमुन्याच्या ('१ ने सुरू होणारा कुठलाही' अशा नियमाच्या) आधी जुळतो, म्हणून प्रत्येक आणीबाणी क्रमांक स्वतंत्र ओळीत लिहा. फ्रीपीबीएक्समध्ये आउटबाउंड रूटला (बाहेर जाण्याच्या वाटेला) 'इमर्जन्सी' अशी खूण करता येते आणि प्रत्येक एक्स्टेंशनला आणीबाणीसाठी वेगळा कॉलर आयडी देता येतो. मात्र टेबलावरच्या फोनमध्येही स्वतःचा डिजिट मॅप असतो, म्हणजे किती आकडे झाले की कॉल सोडायचा त्याचा नियम. सर्व्हर नीट केला आणि फोन तसाच राहिला तर फोन आकडे धरून बसतो. दोन्हीकडे बदला.

कोणते क्रमांक घालायचे? ११२, १००, १०१, १०२, १०८, १०७७, महिलांसाठी १०९१ आणि १८१, मुलांसाठी १०९८. फसवणुकीचा १९३० पण घाला, त्यात पहिल्या काही मिनिटांना किंमत असते. आणि एसटीडी बंद असलेल्या, लॉक केलेल्या, बिल थकलेल्या खोलीच्या फोनवरूनही हे गेले पाहिजेत. लॉजमध्ये पाहुणा चेकआउट झाला की खोलीचा फोन बंद होतो. झाडलोट करणारी मावशी तेव्हाच खोलीत एकटी असते.

पायरी ३: पत्ता

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

कोल्हापूरचा पत्ता कोल्हापूरकराला कळतो. नवी मुंबईत बसलेल्या कॉल घेणाऱ्याला तो कळेलच असं नाही. 'तिसरी गल्ली' म्हटलं तर राजारामपुरीतली की शाहूपुरीतली? दोन्हीकडे गल्ल्यांना आकडेच आहेत. 'शिरोली' म्हटलं तर पुणे जिल्ह्यात खेड आणि जुन्नर तालुक्यांतही शिरोली आहे. आपली ती पुलाची शिरोली, तालुका हातकणंगले. 'पंचतारांकित एमआयडीसी' म्हटलं तर तिच्या नावातच कागल आणि हातकणंगले असे दोन तालुके आहेत. कावळा नाका म्हणायचं की ताराराणी चौक, यावर तर आपल्यातच एकमत नाही. दोन्ही नावं लिहा.

मानकात पत्त्याचे कप्पे ठरलेले आहेत. स्थानाची माहिती ज्या साच्यात जाते त्याचं नाव पिडफ-एलओ, आरएफसी ४११९, साल २००५. त्यात देशाखाली पहिला कप्पा राज्याचा आणि दुसरा जिल्ह्याचा आहे. त्या दुसऱ्या कप्प्याच्या वर्णनात 'जिल्हा, भारत' असा आपला उल्लेखही आहे, मला पहिल्यांदा वाचताना गंमत वाटली होती. तिसरा शहराचा. मग रस्ता, घर क्रमांक, ठळक खूण, इमारत, मजला, खोली आणि पिनकोड असे कप्पे नंतरच्या सुधारणांसह मिळतात. ऑपरेटर हे पुढे नेवो वा न नेवो, तुमची स्वतःची यादी याच कप्प्यांत तयार करा. पुढे सोय झाली की तीच यादी तशीच घालता येईल.

एका ओळीचा नमुना: महाराष्ट्र, कोल्हापूर, पुलाची शिरोली, तालुका हातकणंगले, एमआयडीसी, प्लॉट क्रमांक, कारखान्याचं नाव, मोल्डिंग शेड, तळमजला, पूर्वेचं दार, ४१६१२२. शेडपर्यंत आणि दारापर्यंत जाणं गरजेचं आहे. फौंड्रीत भाजलेल्या माणसासाठी आलेली ॲम्ब्युलन्स मुख्य फाटकावर वॉचमनशी हुज्जत घालत उभी राहते, हे शिरोलीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

अक्षांश-रेखांशही लिहून ठेवा, पण दशांश चिन्हापुढे निदान चार आकडे हवेत. १६.७० आणि ७४.२४ इतकंच लिहिलं तर कोल्हापूर शहर कळेल, चूक किलोमीटरभराची. चार आकड्यांना ती अकरा मीटरच्या आसपास येते. उंची त्यातून कळत नाही, म्हणून मजला शब्दांत हवाच.

मोठ्या इमारतीत ही यादी फोनपर्यंत आपोआप पोचवता येते. फोनच्या तारा जिथे जुळतात तो स्विच जर एलएलडीपी-मेड पाळत असेल, म्हणजे टीआयए-१०५७ हे मानक, तर प्रत्येक पोर्टला पत्ता लिहून ठेवता येतो. फोन त्या पोर्टला लावला की स्विच त्याला सांगतो, 'तू दुसऱ्या मजल्यावर, आयसीयूच्या बाहेर आहेस.' फोन उचलून दुसरीकडे लावला की पत्ताही बदलतो. फोनला नेटवर्कचा पत्ता देणाऱ्या डीएचसीपीमधूनही अशीच सोय आहे, नागरी पत्त्यासाठी ९९ क्रमांकाचा पर्याय. फोनने ही माहिती कॉलसोबत पाठवायची रीत आरएफसी ६४४२ मध्ये आहे. यात एकच पथ्य आहे. पॅच पॅनेलवर तारा इकडच्या तिकडे केल्या की पत्ते खोटे ठरतात. ज्या हॉस्पिटलमध्ये रॅकची किल्ली चार जणांकडे असते तिथे मी हे करत नाही. तिथे प्रत्येक फोनच्या मॅक पत्त्यावर (यंत्राच्या कायमच्या ओळख क्रमांकावर) खोली लिहिलेली साधी यादी बरी, फोन हलवला तर निदान शोधता तरी येतो.

पायरी ४: आतल्या माणसाला कळवा

कुणीही ११२ लावला की त्याच क्षणी रिसेप्शन, वॉचमन आणि व्यवस्थापक यांना कळलं पाहिजे: कोणत्या एक्स्टेंशनवरून, कोणत्या खोलीतून. अमेरिकेच्या कायद्यातही थेट डायलिंगच्या जोडीला हीच दुसरी अट आहे. कारण गाडी येईपर्यंत दार उघडणारा, लिफ्ट धरून ठेवणारा, गल्लीतल्या दुचाक्या हलवणारा माणूस तुमचाच असतो. कॉल मात्र थेट बाहेर गेला पाहिजे. 'आधी रिसेप्शनला जाईल, मग ते ठरवतील' असं काही मालक सुचवतात. ते कबूल करू नका.

उलट फोनचं पाहा. केंद्रातून परत फोन आला आणि तो 'स्वागत आहे, रूम बुकिंगसाठी एक दाबा' या ध्वनिमुद्रणात गेला तर काय उपयोग? आणीबाणीच्या कॉलला कॉलर आयडी असा द्या की त्यावरचा परतीचा कॉल त्याच खोलीत वाजेल. प्रत्येक खोलीला थेट नंबर नसेल तर एक राखीव नंबर घ्या, आणि आणीबाणीचा कॉल झाल्यापासून अर्धा तास त्या नंबरवर येणारा प्रत्येक कॉल शेवटच्या आणीबाणी एक्स्टेंशनवर आणि रिसेप्शनवर एकदम वाजू द्या. ॲस्टरिस्कमध्ये हे दहा-बारा ओळींचं काम आहे. त्या एक्स्टेंशनवरचं 'व्यत्यय नको' आणि कॉल फॉरवर्ड त्या वेळेपुरतं बंद करायचं, हे आरएफसी ६८८१ मध्येही आहे.

पायरी ५: कॉल चालू असताना

त्याच कागदपत्रातली काही कलमं थेट सेटिंगमध्ये उतरवण्यासारखी आहेत. आणीबाणीच्या कॉलमध्ये कॉल वेटिंग, ट्रान्सफर, होल्ड आणि तिघांचा कॉल बंद ठेवायचा. घाबरलेला हात कुठलंही बटण दाबतो. आवाजासाठी जी.७११ ए-लॉ हा कोडेक (आवाज आकड्यांत बदलायची रीत) चाललाच पाहिजे. एका कॉलला एका दिशेने नव्वद केबीपीएसच्या आत जागा लागते, त्यामुळे ती वाचवायला जाऊ नका.

सायलेन्स सप्रेशन हमखास राहून जातं. बोलणारा गप्प झाला की फोन काहीच पाठवत नाही, बँडविड्थ वाचते. पण माणूस बेशुद्ध पडला, किंवा बोलू शकत नसला, तर मागचे आवाज हीच माहिती असते: दार आपटणं, आरडाओरड, आगीचा कडकडाट. म्हणून आणीबाणीच्या कॉलवर ते बंद असलंच पाहिजे. बऱ्याच फोनमध्ये ते एकाच कॉलपुरतं बंद करता येत नाही, मग सगळीकडेच बंद करा. काही बिघडत नाही.

अजून एक शहाणपणाचं कलम. सुरक्षित टीएलएस जोडणी आधी वापरायची, पण ती जुळली नाही तर कॉल तिच्याशिवाय पुन्हा लावायचा. प्रमाणपत्राची मुदत कालच संपली म्हणून कुणी मरू नये. आणि सगळ्या वाहिन्या भरलेल्या असतील तर? एक राखीव ठेवा. पायरी १ मधला गेटवे असेल तर राखीव वाट तीच.

पायरी ६: वीज

इथे हिशेब करायचा, अंदाज नाही. फायबरचा डबा म्हणजे ओएनटी, राउटर, स्विच, पीबीएक्सचं यंत्र आणि फोन, यातलं एकही बंद पडलं तरी ११२ बंद. सहा फोन पीओई स्विचवर (नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणाऱ्या) प्रत्येकी ५ वॉट धरले तर ३०, स्विच स्वतः १०, ओएनटी आणि राउटर मिळून २५, पीबीएक्स २०. बेरीज ८५ वॉट. १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १२०० वॉट-तास असतात. लेड-ॲसिडची निम्मीच वापरावी, त्यातून इन्व्हर्टरचा तोटा गेला की ५०० उरतात. म्हणजे सहा तासांच्या आत. बॅटरी चार वर्षांची असेल तर निम्मे धरा. आणि पाहा, त्या इन्व्हर्टरवर कुणी फ्रीज लावलाय का. लावलेला असतोच.

रॅक तळघरात नको. शाहूपुरी कुंभार गल्लीसारख्या भागात २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी शिरलं ते आपण पाहिलं आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. ३९ झाले की गेटवे, सिम आणि एक बॅटरी वरच्या मजल्यावर न्यायची, कुणी न्यायची त्याचं नाव ठरवून ठेवा. पुरात फायबर तुटतं, टॉवरचं डिझेल संपतं. अशा वेळी दोन वेगळ्या कंपन्यांची सिम जवळ असणं कामी येतं.

मोबाईलवरचं ॲप आणि घरून काम

संस्थेचा नंबर ॲपमधून मोबाईलवर वाजतो, त्याची रीत वेगळी. ॲपमधून ११२ लावू द्यायचाच नाही. बहुतेक चांगल्या ॲपमध्ये आणीबाणीचे क्रमांक फोनच्या मूळ डायलरकडे सोपवायची सेटिंग असते, ती चालू करा. मग कॉल सिमवरून जातो, स्थानाचा अंदाज मिळतो. लॅपटॉपवरून काम करणाऱ्यांना सरळ सांगा, आणीबाणीत हातातला मोबाईल घ्या. व्हॉट्सॲपवरून ११२ लागत नाही, कंपनी स्वतःच तसं सांगते. तरी लोक प्रयत्न करतात.

मोबाईलचंही एक इथलं वैशिष्ट्य सांगून ठेवतो. कागलच्या पुढे सीमेवरच्या कोगनोळी नाक्याकडे फोन कर्नाटकच्या टॉवरवर जाऊ शकतो. त्या पट्ट्यात ११२ लागला की पहिलं वाक्य 'मी महाराष्ट्रात आहे, कोल्हापूर जिल्हा' हे असू द्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबायला शिकवा, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा. २०१६ च्या नियमांपासून नव्या फोनमध्ये ही सोय आहे. खिशात चुकून दाबलं जाणार नाही ना, तेवढं पाहा.

चाचणी

मानकात चाचणीसाठी एसओएसचीच वेगळी 'टेस्ट' खूण आहे, ती कॉल घेणाऱ्या माणसाला न त्रास देता वाट तपासते. ती तुमच्या ऑपरेटरकडे चालत नसेल तर असं करा. डायल प्लॅनमध्ये ११२, १०८ आणि १०१ ची वाट तात्पुरती तुमच्या स्वतःच्या मोबाईलकडे वळवा. मग प्रत्येक खोलीतून, प्रत्येक शेडमधून ११२, ०११२, १०८, १०१ लावा. मोबाईलवर काय नंबर दिसतो ते लिहा. रिसेप्शनचा बझर वाजला का ते पाहा. परत फोन करा, तो खोलीत वाजतो का? मुख्य वीज पाडून पुन्हा कॉल लावा. इंटरनेटची तार काढून ठेवून पुन्हा कॉल लावा, आता कॉल गेटवेच्या सिमवरून गेला पाहिजे. मग वाट पूर्ववत करा. हे विसरू नका, मी एकदा विसरलो होतो आणि सुदैवाने संध्याकाळीच लक्षात आलं.

खरा ११२ एकदाच लावायचा, तोही ऑपरेटरशी आणि जवळच्या पोलीस ठाण्याशी बोलून, सकाळच्या निवांत वेळी. पलीकडून आवाज येताच म्हणायचं: "नमस्कार, ही चाचणी आहे, इथे आणीबाणी नाही. तुम्हाला माझा नंबर आणि पत्ता काय दिसतो तेवढं सांगाल का?" उत्तर लिहून घ्या, आभार मानून ठेवा. ते घाईत असतील तर आग्रह धरू नका. चाचणी करताना चुकून लागला तर घाबरून ठेवून देऊ नका. थांबा आणि चूक झाल्याचं सांगा, नाहीतर ते परत फोन करतील किंवा गाडी पाठवतील.

वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याच्या आधी आणि एकदा नवरात्राच्या आधी, ही फेरी पुन्हा मारा. मधे कुणीतरी एक्स्टेंशन बदललेलं असतं, नवा फोन जोडलेला असतो.

सगळ्यात शेवटी कागद. प्रत्येक फोनशेजारी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक कार्ड चिकटवा, मराठीत आणि हिंदीत, कारण पाहुणा आणि फौंड्रीतला कामगार दोघंही बाहेरचे असू शकतात. अक्षर मोठं. वर लिहायचं: '० न दाबता ११२ लावा. मग हे वाचून दाखवा.' खाली पूर्ण पत्ता, तालुक्यासकट, ठळक खुणेसकट, मजला आणि खोलीसकट. त्या यात्री निवासात आता प्रत्येक खोलीत ते आहे. २०४ मधलं कार्ड मी स्वतः चिकटवलं. मालकांनी त्याखाली पेनने एक ओळ वाढवली आहे: 'आणि रिसेप्शनला पण हाक मारा.'